फरची वखार

अल मजाज, शारजा
९ मे २०२५

मामा, नमस्कार पोचावा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की पलीकडच्या फ्लॅटमधले भिंत ठोकतात. म्हणून पुन्हा पत्र. हे तुमच्या खालच्या विभावरीच्या झेरॉक्सच्या दुकानात मेलवर पोचेल. ती छापून वर आणून देईल आणि तुमचं उत्तर स्कॅन करून मला पाठवेल. तिला म्हणावं, अक्षर मोठं छाप. मामांचे कान करवतीनं नेले, डोळे तरी राहू देत.

मला नवं काम लागलंय. ऐकून हसू नका. इथे एका मोठ्या बंद हॉलमध्ये यंत्रानं बर्फ पाडणार आहेत. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे चार. त्या बर्फात आमची कंपनी कॅनडातली दोनशे वर्षांपूर्वीची एक फरची वखार जशीच्या तशी उभी करणार आहे. मूळ वखार दोनदा जळली आणि नुसता पाया राहिला. तिथल्या लोकांनी पाया उकरून, जुने नकाशे बघून ती पुन्हा बांधली. आता त्यांच्या नकलेची आम्ही नक्कल करतोय. भिंतींपासून छपरापर्यंत सगळी ओंडक्यांची. वर्कशॉप जबल अलीला आहे, कंपनीची बस पहाटे पावणेसहाला कोपऱ्यावर येते.

माझ्याकडे इतिहास आहे. म्हणजे पाट्या लिहायच्या आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या काळातली वाटते की नाही ते बघायचं. रोज वाचतेय. सगळ्यांत मागणी बीव्हरच्या फरला. ती नदीनं यायची, वखारीत रचून ठेवायची आणि मग जहाजानं लंडनला टोप्यांसाठी जायची. त्या टोप्यांपायी आख्खा मुलूख रिकामा केला या लोकांनी. वाचताना जीव तुटतो.

ईशानी बरी आहे. नववीत गेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. परवा तन्मयचा पुण्याहून फोन होता. तुम्ही एकटे राहता म्हणून त्याला फार काळजी वाटते. म्हणाला, बाबांना हल्ली खोडून काढलं की ते चिडतात, तू तेवढं सांभाळून लिही. गॅस बंद करता ना?

तुमची मंजू


मिरज
१५ मे २०२५

मंजू, आशीर्वाद घे आणि आधी पाणी पी.

गॅस बंद करतो. तन्मयला सांग, तुझ्या बापानं एक्केचाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली आणि एक काडी पेटू दिली नाही. तुमच्या कॅनडावाल्यांची तर दोनदा जळली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आपल्या घरात माझ्या धंद्याबद्दल आजवर कुणी एक अक्षर विचारलं नाही. तन्मयला लहानपणी भुशानं शिंका यायच्या, तो वखारीच्या फाटकातूनच परत जायचा. आणि आता माझी भाची वाळवंटात फरची वखार घालतेय. तुझी मामी असती तर तिनं गल्लीत पेढे वाटले असते.

आता कामाचं बोलतो. फर मी हाताळलेला आहे. हिमालयातला यायचा, सफरचंदांच्या खोक्यांना. हलका, सरळ रेषांचा, पण नाजूक प्रकृतीचा. बीव्हरचा मात्र माझ्या पाहण्यात नाही. बल्लारशाचा साग, तसा बीव्हरचा फर, गावावरून नाव पडलं असणार. लंडनला टोप्यांसाठी जायचा असं लिहिलंयस, ते टोप्यांच्या पेट्यांसाठी असणार. घाईत पेट्या गाळल्यास. पाटीवर गाळू नकोस, लोक हसतील. आणि साग पुल्लिंगी, देवदार पुल्लिंगी, तसा तो फर. तू सारखी 'ती फर, ती फर' लिहितेस. तिकडे गेल्यावर लिंगही बदलतं का गं?

साल काढल्याशिवाय फर आत घेऊ नकोस. ओला असताना साल हातानं सुटून येते. वाळला की घट्ट बसते आणि तिच्याखाली किडे होतात. उन्हात टाकू नकोस. खाली ठोकळे देऊन रच, मधून वारा खेळला पाहिजे. आणि टोकांना मेण लाव. मेण नसेल तर जाड रंग चालेल. हे विसरलीस तर तुमच्या त्या उन्हात टोकापासून तडकत तडकत आत जाईल, आणि तडकलेला फर बंबात घालायच्या लायकीचा. टोकांना काय लावलंय ते उलट टपाली कळव.

मामा


अल मजाज, शारजा
२३ मे २०२५

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. तुम्हाला इतका आनंद झाला हे वाचून बरं वाटलं, खरंच. तुम्ही सांगितलेलं सगळं लक्षात ठेवीन.

साल काढायचं मात्र कामच नाही. आमची फर खरी नाहीच मुळी, नायलॉनची आहे. चीनहून गठ्ठे आलेत. क्लाएंटला खरी नको, लहान मुलं हात लावणार म्हणून. पण इतकी हुबेहूब आहे की हात फिरवला की फिरवतच राहावा. टोकांना काही लावलेलं नाही. गरज नाही, मामा. तुम्ही त्याचा ताण घेऊ नका. फोटो पाठवला असता, पण कामाचे फोटो बाहेर पाठवायला बंदी आहे.

काल एक गंमत वाचली. एक हिवाळाभर वापरलेली फर नव्या फरपेक्षा महाग असायची. वापरून वापरून वरचं राठ निघून जायचं आणि खालचं मऊ उरायचं. लंडनचे व्यापारी मुद्दाम जुनी मागायचे. पाटीवर हे नक्की घालणार आहे. क्लाएंट म्हणतो, "मॅडम, हिस्टरी थोडी कम, फन थोडा ज्यादा." मला कळत नाही, जळलेल्या वखारीत फन कुठून आणायचा. शिवाय तिची तीन वेगवेगळ्या वर्षांची तीन चित्रं आहेत आणि तिन्हीत दार वेगळ्या बाजूला. कोणतं खरं धरायचं हे ना मला कळतं, ना आर्किटेक्टला.

मामा, सहज विचारते. आज वार कोणता हो? रात्री झोप लागते ना? गोळ्या विभावरी काढून देते की तुमच्या तुम्ही घेता?

मंजू


मिरज
३० मे २०२५, शुक्रवार, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

मंजू, आशीर्वाद.

वार वर लिहिला आहे, तिथीही लिहिली आहे. आणखी काही हवं असेल तर नक्षत्र बघून सांगतो. गोळ्या माझ्या मी घेतो.

आता तू सांग, तुझं बरं आहे ना? नायलॉनचा फर हे वाचून मला घाम फुटला. एकीकडे ओंडके म्हणतेस, दुसरीकडे नायलॉन म्हणतेस. लाकडाचे गठ्ठे चीनहून आले म्हणतेस. हात फिरवला की फिरवतच राहावा असं मऊ लाकूड देवानं अजून केलेलं नाही, ते चीनला कुठून जमणार? एक तर तुला कुणी टोपी घालतंय, किंवा तुझी झोप होत नाही. पहाटे पावणेसहाची बस, वर ते ऊन. ऊन डोक्यात जातं, मंजू. आमच्याकडे एक हमाल होता, वैशाखात तीन दिवस माल उतरवला आणि चौथ्या दिवशी मालकाला आई म्हणायला लागला.

पण मधेच तू लिहितेस की एक हिवाळा मुरलेला फर नव्यापेक्षा महाग जायचा. हे शंभर टक्के खरं आहे. मुरल्याशिवाय लाकडाला भाव नाही, हे लंडनच्या व्यापाऱ्याला कळत होतं आणि आमच्या मालकाला कळायला वीस वर्षं लागली. म्हणजे तुझी बुद्धी ठिकाणावर आहे, अधूनमधून सुटते. मी तुला खोडून काढत नाही. थकल्या माणसाला खोडू नये. तन्मयला मात्र लिहिलंय की मंजूकडे जरा लक्ष दे.

तू फक्त एक कर. उठून जा आणि टोकं बघ. कागदावरची नको, डोळ्यांनी बघ.

मामा


पुणे
६ जून २०२५

मंजूताई,

हे फोनवर बोलता येणार नाही, म्हणून मेल. बाबांचं मला एक पत्र आलंय. त्यांच्या मते तुझं डोकं फिरलंय. तू म्हणे दुबईत बर्फ पाडून त्यात नायलॉनच्या लाकडाची वखार बांधतेयस आणि चिनी लोक तुला फसवतायत. मी ऑफिसमध्ये वाचलं आणि सरळ पार्किंगमध्ये जाऊन बसलो.

तुला सगळी स्टोरी सांगतो. मार्चमध्ये ते बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले. ते म्हणतात नवीन पुलामुळे, असेलही. पण ते शहात्तरचे आहेत, ऐकू येत नाही, एकटे आहेत, आणि मी अडीचशे किलोमीटरवर. रोज रात्री वाटतं की आज काहीतरी होणार. इथे पुण्याच्या बाहेर ज्येष्ठांसाठी एक चांगली जागा आहे. नर्स आहे, बाग आहे. जागा एकच शिल्लक आहे आणि महिनाअखेरपर्यंत सांगायचंय. आधी डॉक्टरांची टेस्ट होईल. शिवाय फॉर्ममध्ये एक कॉलम आहे, घराबाहेरच्या एका नातेवाइकाचं लेखी निरीक्षण. बाबांशी नियमित बोलणारी तू एकटीच आहेस. मी तर महिन्यातून दोनदा 'जेवलात का' विचारतो.

तू जे लिहिशील त्यावर मी ठरवीन. ते ठीक आहेत म्हणालीस तर मिरजेलाच राहू देत. नाहीत म्हणालीस तर घर बंद करून त्यांना घेऊन येतो. प्लीज ताई, खरं काय ते लिही.

तन्मय


अल मजाज, शारजा
८ जून २०२५

तन्मय,

दोन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. पण तू खरं विचारलंस.

मामांचं अक्षर अजून तसंच आहे. ओळी सरळ, काना-मात्रा जागच्या जागी, थट्टासुद्धा तीच. वरवर वाचणाऱ्याला काही कळणार नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. मी त्यांना माझ्या कामाबद्दल लिहिते आणि ते त्यांच्या वखारीबद्दल उत्तर देतात. मी फरबद्दल सांगितलं, तर ते म्हणतात साल काढा, टोकांना मेण लावा, खाली ठोकळे द्या. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आता लाकूड दिसते. बीव्हर हे त्यांना एक गाव वाटतं. मी हळूच दुरुस्त करायला गेले की मलाच समजूत घातल्यासारखं लिहितात. माणूस एका खोलीत बसलेला असावा, आपण दुसऱ्या खोलीतून हाक मारावी आणि त्यानं तिसऱ्याच कुणाला ओ द्यावी, तसं मला प्रत्येक पत्राच्या शेवटी वाटतं.

सुट्टीत त्यांनी मला खांद्यावर बसवून वखार दाखवली होती. त्याच माणसाबद्दल हे लिहितेय. पण गॅस, जिना, रस्ता, हे सगळं एकट्यानं सांभाळणारा मामा आता राहिलेला नाही. जो आहे त्याला कुणीतरी सोबत हवं. घेऊन ये त्यांना. आणि मी लिहिलं म्हणून घेऊन आलास हे त्यांना सांगू नकोस.

मंजूताई


मिरज
३० जून २०२५

मंजुषाताई,

तुमच्या दोन मेल येऊन पडल्या आहेत, छापल्या नाहीत, कारण द्यायच्या कुणाला? काकांना बावीस तारखेला तन्मयदादा घेऊन गेले. तुम्हाला माहीत असेलच. घराला कुलूप आहे. रोपांना मी पाणी घालते.

जाताना काका दुकानात आले आणि हा कागद दिला. तेव्हा लाइट नव्हती म्हणून स्कॅन राहिला. आज पाठवते, उशिराबद्दल माफ करा. रिक्षात बसल्यावर पुन्हा उतरून आले आणि म्हणाले, नीट गेलं पाहिजे हं हे.

विभावरी

(सोबतचा कागद)

मंजू,
मला पुण्याला नेताहेत. तन्मय म्हणतो दोन दिवस, तपासणीला. पण बॅगेत त्यानं स्वेटर भरलाय, तोही दोन. जून महिना आहे. म्हणजे थंडीपर्यंत परत येत नाही हे मला कळलं, तरी बॅगेची चेन मीच लावली. तो काल रात्री माझ्याशेजारी झोपला होता, त्याला वाईट वाटतंय.
तिथला पत्ता माहीत नाही. तू टोकं बघितलीस का ते तन्मयला कळव, तो मला सांगेल.
मामा


अल मजाज, शारजा
५ जुलै २०२५

तन्मय,

हे पत्र घाईत वाचू नकोस. वाचून झालं की मामांकडे जा. कुणाचं काही चुकलं असेल तर ते माझं आहे.

परवा संध्याकाळी मामांचा शेवटचा कागद घेऊन मी स्वयंपाकघरात बसले होते. मला रडताना बघून ईशानीनं त्यांची आधीची पत्रं उचलली आणि वाचायला लागली. तिला देवनागरी भरभर येत नाही, एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचते. "फ...र. फर." मग थांबली आणि म्हणाली, "मम्मा, विच फर? ट्री वाला ऑर अ‍ॅनिमल वाला? बिकॉज आजोबा इज टॉकिंग अबाउट द ट्री."

इंग्लिशमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग वेगळं. तिनं कधी गल्लत केलीच नसती. मराठीत लिहिले की दोन्ही एकच. मी लिहीत होते जनावराच्या कातडीबद्दल, आणि मामा वाचत होते फर नावाच्या झाडाबद्दल. त्यात मी शब्द वापरला वखार. ट्रेडिंग पोस्टला मराठीत काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून शाळेतली सुरतेची वखार उचलली. ज्या माणसानं एक्केचाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली, त्याला मी लिहिलं की ओंडक्यांची फरची वखार बांधतेय. त्यानं दुसरं काय समजायचं होतं?

आता पुढचं ऐक. शुक्रवारी मी वर्कशॉपला जाऊन यार्डात गेले. हनीफभाई म्हणून आमचे सुतारांचे फोरमन आहेत. त्यांना विचारलं, हे ओंडके कोणत्या लाकडाचे. ते हसले. म्हणाले, "मॅडम, ये फर है, डग्लस फर. आप दो महिने से इसके सामने से गुजर रही हो." मग म्हणाले, "लेकिन देखो, धूप में रखा, तो सिरे सब फट गये. मैंने बोला था वॅक्स लगाओ, किसी ने सुना नहीं. अब खलास." सतरा ओंडके टोकापासून हात-हातभर तडकलेत. पंधरा मेला मामांनी लिहिलं होतं की तडकतील. मी त्यांना उत्तर दिलं होतं, गरज नाही, ताण घेऊ नका.

त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, तन्मय. मी पुन्हा सगळी पत्रं समोर ठेवून वाचली. एकही चूक सापडली नाही. बीव्हर गाव आहे ही एकच, आणि ती कुणीही केली असती. मला शंका आली तेव्हा मी विचारायला हवं होतं. तू खोडून काढू नको म्हणालास आणि मला ते सोयीचं वाटलं.

ऑफिसची परवानगी घेऊन यार्डातल्या ओंडक्यांचा आणि त्यावरच्या लेबलचा फोटो जोडलाय. डॉक्टरांना दाखव. माझं आठ जूनचं पत्र फॉर्ममधून काढून घे. काढत नसतील तर हे त्याला जोड.

मंजूताई


पुणे
९ जुलै २०२५

मंजूताई,

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. टेस्टचे कागद पुन्हा काढायला लावले. तुझं पत्र आणि फोटो बघून त्यांनी बाबा ठीक आहेत असं लिहून दिलं.

तुला हे सांगितलं नव्हतं. टेस्टमध्ये त्यांचं बरंचसं चांगलं झालं होतं. तारीख, वार, शंभरातून सात सात वजा, सगळं. काही प्रश्न डॉक्टरांनी मास्क लावून विचारले. बाबा ओठ बघून समजतात, त्यामुळे ते गेले. मी तिथेच बसलो होतो आणि मला हे सुचलं नाही. मग डॉक्टरांनी लिहून विचारलं, घरात जवळचं कोण आहे, काय करतं? बाबा म्हणाले, माझी भाची आहे, ती वाळवंटात बर्फ पाडून त्यात लाकडाची वखार बांधते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझं पत्र पुढे केलं. तिथेच ठरलं.

ताई, त्यांनी सांगितलेलं शब्दन् शब्द खरं होतं. मला माहीत होतं तुझ्या कामाचं, बर्फाचं, सगळं. मला तेव्हा म्हणता आलं असतं. पण म्हणालो नाही. तुझं पत्र मला हवं तेच सांगत होतं आणि मला एकदाचं रात्री झोपायचं होतं.

रविवारी त्यांना मिरजेला सोडतो. मी आठवडाभर तिथे राहून काम करेन. त्यांना मी अजून काहीच समजावून सांगितलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं आली होती एवढंच सांगितलं. पहिल्यात काय होतं असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही.

तन्मय


मिरज
२४ जुलै २०२५

मंजू,

घरी आलो. तन्मय दहा दिवस राहिला, काल गेला. फरचा घोळ त्यानं कागदावर चित्र काढून समजावला, एक झाड आणि एक घुशीसारखं जनावर. मी पोट धरून हसलो. मग तो हसला, मग तोच रडला. इतकी वर्षं मी माझ्या पोराला एकदा वखार दाखवू शकलो नाही. या वेळी त्यानं दोन तास बसून ऐकली, एक शिंक न देता.

ती जागा वाईट नव्हती. जेवण गरम असायचं. पण सगळे माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे. मोठ्यानं ठीक आहे, मी बहिरा आहे. सावकाश कशाला? शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मामलेदार होते, त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. त्यांच्याशी आणि माझ्याशी एकाच सुरात बोलायचे. चौथ्या दिवसापासून मीच मला तपासायला लागलो. रात्री उठून मिरजेच्या गल्ल्या मनात म्हणायचो. एकदा मंगळवार पेठेपाशी अडकलो आणि घाम सुटला. तुझ्या वखारीचं मी खरंच वाचलं होतं की मनानं रचलं होतं, हेही कळेना. पत्रं इथे राहिली होती.

आता इथेही पहिल्यासारखं नाही. विभावरी माझं पत्र स्कॅन करण्याआधी वाचते. लपवून वाचते, पण मला दिसतं. दूधवाला पिशवी माझ्या हातात न देता आत येऊन ओट्यावर ठेवतो. मी बरा आहे असा डॉक्टरचा कागद घरात आहे, पण ज्याच्या घरात असा कागद असतो त्याच्याकडे लोक निराळंच बघतात.

मी तुझ्यावर रागावलोय, ते लिहूनच टाकतो, नाहीतर पोटात राहील. तुला खोडायला नको म्हणून मी गप्प बसलो आणि मला खोडायला नको म्हणून तू. तू एकदा विचारलं असतंस, मामा, कुठला फर? दोन शब्दांचं काम होतं. मीही विचारलं नाही, ती माझी चूक आहे. तुझं डोकं फिरलं असं मी तन्मयला कळवलं, तीही माझीच. पण माझ्या चुकीनं तुला कुणी घरातून उचलून नेलं नाही.

तन्मयला तू जूनमध्ये पत्र लिहिलंस. तो म्हणतो आठवत नाही. खोटं बोलतो, त्याचे कान लाल होतात. ते पत्र मला पाठव. जसंच्या तसं.

मामा


अल मजाज, शारजा
२८ जुलै २०२५

मामा,

पत्र जोडलं आहे. चार दिवस लागले पाठवायला. एक शब्द बदललेला नाही. एक वाक्य काढून टाकावं असं फार वाटलं, मामा राहिलेला नाही असं जिथे लिहिलंय ते. तेही तसंच ठेवलं आहे.

मी माफी मागत नाही, कारण तुम्ही लगेच देऊन टाकाल. आधी वाचा. मग जे वाटेल ते लिहा, कितीही कडक. लिहावंसं वाटलं नाही तरी कोरा कागद पाठवा, म्हणजे वाचलंत एवढं कळेल.

मंजू


मिरज
२ ऑगस्ट २०२५

मंजू,

पत्र मिळालं. विभावरीला खाली पाठवलं, दार लावलं आणि खिडकीशी बसून वाचलं. मग चहा केला आणि पुन्हा वाचलं.

फार चांगलं लिहिलंयस. कुठे खोट नाही, कुठे राग नाही. तन्मयच्या जागी मी असतो, तर मीही मला घेऊन गेलो असतो.

मामा